वाचकांचे प्रश्न : नदीच्या घळईतून द्राक्षबागांकडे, फ्रान्समधल्या पायवाटा

फ्रान्सच्या ग्रामीण भागातल्या पायवाटांविषयी, विशेषतः नद्यांच्या घळयांतून आणि द्राक्षबागांमधून जाणाऱ्या वाटांविषयी, वाचकांनी प्रश्न पाठवावेत असे आवाहन मागील अंकात केले होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून सर्वाधिक पत्रे आली, याचे नवल वाटले नाही. एका जिल्ह्याला डोंगर चढण्याची सवय आहे आणि दुसऱ्याला द्राक्षाची. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून पुढील उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त शिक्षक असून दोघांचीही साठी उलटली आहे. रोज पहाटे अजिंक्यतारा चढून उतरतो. येत्या मे महिन्यात मुलीकडे पॅरिसला जाणार आहोत. घळई आणि द्राक्षबागा दोन्ही पाहता येतील अशी आठवडाभर चालण्याजोगी वाट सुचवावी. सहलींच्या जाहिरातींत पाच-पाच नद्यांची नावे असतात, त्यामुळे काहीच ठरत नाही.
— निवृत्त शिक्षक दांपत्य, सातारा

उत्तर : पाच नद्यांचा नाद सोडावा आणि एकच नदी धरून चालावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. अशा सहलींत दिवसाचा निम्मा वेळ गाडीत जातो आणि घळई खिडकीतून पाहावी लागते. आपल्याला जे हवे आहे ते नैर्ऋत्य फ्रान्समधल्या लॉत नदीच्या काठी एकाच ओळीत मिळते. सेव्हेनच्या डोंगराळ मुलखात उगम पावून ही नदी पश्चिमेकडे वाहत जाते आणि गारोन नदीला मिळते. वाटेत काऑर नावाचे जुने शहर लागते. शहराच्या वर, म्हणजे उगमाच्या बाजूला, चुनखडीचे उभे कडे आहेत आणि खालच्या अंगाला द्राक्षबागा, त्यामुळे नदीची साथ न सोडता दोन्ही पाहून होते.

ही रचना कशी झाली हे ठाऊक असले तर चालताना उपयोग होतो. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. पावसाचे पाणी त्याच्या माथ्यावरून ओढ्यांनी खाली धावते. लॉतच्या दोन्ही बाजूंचे पठार मात्र ज्युरासिक काळात समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीचे आहे. या दगडाला भेगा फार असतात आणि पावसाच्या किंचित आम्ल पाण्यात तो हळूहळू विरघळतो. पाणी त्यामुळे वर न थांबता आत मुरते, पोटात गुहा कोरते आणि खाली नदीच्या पातळीला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पठारावर खुरटे ओक, मेंढ्या आणि चुन्यामातीशिवाय रचलेल्या दगडी भिंती एवढेच दिसते. तेव्हा नदीकाठचे गाव सोडून वर चढण्यापूर्वी प्रत्येकी दोन लिटर पाणी भरून घ्यावे, वर ओढा लागेल या भरवशावर राहू नये. एखाद्या नळावर ‘ओ नों पोताब्ल’ असे लिहिलेले असेल तर ते पाणी पिण्याचे नाही.

नदीने ही चुनखडी कापताना मोठमोठी वळणे घेतली आहेत. वळणाच्या बाहेरच्या अंगाला ती कडा पोखरते आणि आतल्या अंगाला गाळ व गोटे टाकते. काऑरच्या वर खोरे अरुंद असल्यामुळे कडेच नजरेत भरतात. खाली ते रुंदावते, जुन्या गाळाचे टप्पे पायऱ्यांसारखे एकावर एक राहिले आहेत आणि वेली त्यांवरच लावल्या आहेत.

पॅरिसच्या ओस्तेर्लित्झ स्थानकावरून काऑरला थेट रेल्वे जाते, पाच-साडेपाच तास लागतात. काऑरहून फिजाककडे जाणारी बस तूर-द-फोर या गावी थांबते. तेथून पूल ओलांडून वर चढले की सँ-सिर-लापोपी हे कड्याच्या टोकावर वसलेले गाव येते. खाली जवळजवळ शंभर मीटरवर नदी आहे. दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात २०१२ साली फ्रेंच प्रेक्षकांनी या गावाला देशातले सर्वांत आवडते गाव म्हणून कौल दिला, तेव्हापासून दुपारी तेथे जत्रा भरते. संध्याकाळी गाड्या परत गेल्या की गाव मोकळे होते, म्हणून पहिला मुक्काम तेथेच करावा.

दुसऱ्या दिवशी लाल-पांढऱ्या खुणांची जीआर ३६ ही दूर पल्ल्याची वाट धरून बूझिएसकडे उतरावे. या टप्प्यासाठीच आम्ही लॉतची शिफारस करतो. पूर्वी या नदीतून काऑरच्या दारूची पिंपे सपाट तळाच्या होड्यांतून बोर्डोला जात असत. जाताना प्रवाहाची मदत असे. येताना मात्र होड्या काठावरून दोरांनी ओढून आणाव्या लागत. एका ठिकाणी कडा थेट पाण्यात उतरत असल्याने काठच उरला नव्हता, म्हणून १८४० च्या दशकात कड्याच्या पायथ्याशी दगड कोरून ओढकऱ्यांसाठी वाट काढण्यात आली. आजही आपण त्याच कोरीव वाटेने चालतो. डोक्यावर पुढे आलेले दगडाचे छत असते, एका खांद्याला कडा घासतो आणि दुसऱ्या बाजूला पाऊलभर अंतरावर हिरवट, संथ पाणी असते. भिंतीवर टाकीचे घाव स्पष्ट दिसतात आणि एका भागात दानिएल मोनिए या शिल्पकाराने कोरलेले मासे व शंख-शिंपले आहेत. कड्यावरून दगड सुटण्याच्या भीतीने असे भाग अधूनमधून बंद ठेवले जातात, यासाठी सँ-सिरच्या पर्यटन कार्यालयात चौकशी करूनच निघावे.

बूझिएसजवळ सेले ही लहान नदी लॉतला मिळते. तिच्या खोऱ्यात पेश मेर्ल ही गुहा आहे. १९२२ साली गावातल्या किशोरवयीन मुलांनी ती शोधली. सुमारे २९,००० वर्षांपूर्वी रंगवलेले ठिपक्यांचे घोडे तेथे मूळ स्वरूपात पाहता येतात. रोजच्या प्रेक्षकांची संख्या मर्यादित असल्याने वेळ आधी राखून ठेवावी लागते, पण ती खटपट अवश्य करावी.

पुढे काऑरपर्यंत दोन दिवस धरावेत. काऑरला १३०८ मध्ये बांधायला घेतलेला तीन बुरुजांचा व्हालांत्रे पूल आहे. स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणारे यात्रेकरू आजही त्यावरून जातात. उरलेल्या दिवसांत ल्युझेशमार्गे प्युई-लेव्हेकपर्यंत बागांच्या मुलखातून चालता येते. ल्युझेशला नदी जवळजवळ पूर्ण वर्तुळ घेऊन पुन्हा गावाच्या पाठीशी येते, ते वळण वरच्या टेकडीवरून पाहावे.

आपल्या तयारीविषयी सांगायचे तर चढाची काळजी नको. लॉतकाठचे चढ दोनशे-तीनशे मीटरांच्या आतले आहेत आणि अजिंक्यतारा रोज चढणाऱ्याला ते जड जाणार नाहीत. प्रश्न सलग चालण्याचा आहे. पाठीवर सहा-सात किलो घेऊन, एकामागून एक तीन दिवस, रोज पंधरा किलोमीटर यवतेश्वरच्या बाजूला चालून पाहावे. गुडघे काय म्हणतात ते तिसऱ्या दिवशी कळेल. फ्रेंच वाटपुस्तिकांत वेळ ताशी चार किलोमीटर या हिशेबाने दिलेला असतो, त्यात जेवणाचा आणि विसाव्याचा वेळ धरलेला नसतो. मे महिन्यात १ आणि ८ तारखेला व ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी सुट्टी असते आणि फ्रेंच माणूस तिला पुढचा-मागचा दिवस जोडतो, त्यामुळे त्या आठवड्यांतले मुक्काम फार आधी ठरवावेत.

प्रश्न : माझी तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. मुलगा तुलूझला शिकतो. तिकडे पायवाटा सरळ बागांतून जातात असे तो सांगतो. परक्या माणसाने बागेत आलेले तेथील बागायतदारांना चालते का? काढणी बघायची तर केव्हा जावे? आमच्या छाटणीची अडचण होऊ नये.
— द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : सप्टेंबरचा मध्य धरून जावे. काऑरच्या परिसरात काढणी साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. आपली फळछाटणी ऑक्टोबरमध्ये असेल तर परत येऊन ती वेळेवर धरता येईल. आगाप छाटणी घेणार असाल तर मात्र या वर्षी बेत करू नये.

तेथील बागेत शिरल्यावर आपल्याला पहिल्यांदा मांडव नसल्याचे जाणवेल. वेली तारांवर उभ्या ओळीत, कमरेच्या आसपास उंचीच्या ठेवलेल्या असतात आणि घड जमिनीपासून गुडघाभर अंतरावर लागतात, कारण थंड मुलखात तापलेल्या जमिनीची ऊब घडांना मिळावी लागते. बर्गंडीत तर दोन वेलींत आणि दोन ओळींत जेमतेम मीटरभर अंतर असते, म्हणजे एकरी सुमारे चार हजार वेली. आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांच्या लागणीत त्या हजाराच्या आत बसतात. एवढ्या दाटीत साधा ट्रॅक्टर शिरत नाही. तेथे उंच पायांचा ट्रॅक्टर वापरतात. त्याची चाके ओळीच्या दोन्ही बाजूंनी जातात आणि वेली त्याच्या पोटाखालून निघतात. चालणाऱ्याने तो येताना दिसला की वाट सोडून उभे राहावे, कारण चालकाला जवळचे माणूस दिसेलच असे नाही.

तेथील वेल हिवाळ्यात पूर्ण झोपते. डिसेंबर ते मार्च या काळात एकदाच छाटणी होते, एप्रिलमध्ये डोळे फुटतात, जूनमध्ये फुलोरा येतो. आपल्या हवेत वेल झोपत नाही, म्हणून आपण एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशी तिला दोनदा उठवतो. त्यांना धास्ती एप्रिलमधल्या दहिवराची असते. एका रात्रीत कोवळी फूट करपते, आणि बर्गंडीत अशा रात्री ओळींमधून मोठ्या मेणबत्त्या पेटवून हवा उबदार ठेवण्याची धडपड चालते. काऑरने याहून मोठा फटका सोसला आहे. १९५६ च्या फेब्रुवारीत इतकी थंडी पडली की त्या भागातल्या बहुतेक वेली खोडासकट मेल्या. बागा नव्याने लावाव्या लागल्या आणि १९७१ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानुसार काऑरच्या दारूत किमान ७० टक्के माल्बेक जातीचे द्राक्ष असावे लागते. अशा मानांकित बागांना पाणी देण्यावर कडक निर्बंध आहेत. ताकारी-म्हैसाळचे पाणी कधी सुटते याकडे डोळे लावून बसणाऱ्या आणि दुष्काळात टँकरने बाग जगवणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटेल, याची कल्पना आहे. तेथे मुळे भेगाळ चुनखडीत कित्येक मीटर खोल जातात आणि पाऊसही वर्षभर थोडाथोडा पडत राहतो.

आता परक्या माणसाविषयी. खुणांची वाट बागेच्या कडेने किंवा दोन बागांमधल्या गाडीवाटेने जात असेल तर चालण्यास कोणाची हरकत नसते. ओळींत शिरणे, घड तोडणे किंवा वेलीला टेकून छायाचित्र काढणे मात्र चालत नाही. काढणी झाल्यावर मागे राहिलेले घडसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नयेत. या बाबतीत एक जुनी हकिकत आपल्या कामाची आहे. बोर्डोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे वाटसरू तोडून खात, म्हणून बागायतदार त्या कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी शिंपडत. ते विषारी दिसे आणि कोणी हात लावीत नसे. १८८२ साली बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिएर-मारी-आलेक्सी मिलार्दे यांच्या नजरेस आले, की आतल्या वेलींची पाने डाऊनी या बुरशीच्या रोगाने गळून पडली असताना या कडेच्या वेली मात्र हिरव्यागार आहेत. त्यांनी प्रयोग करून १८८५ मध्ये मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. आपण पंपात भरतो ते बोर्डो मिश्रण हेच. ताजी फवारणी झालेल्या पानांवर तो निळा थर आजही दिसतो, तेव्हा हात न लावण्याचे कारण आता आरोग्याचेही आहे.

आपल्या बागेतल्या डॉगरिज खुंटाचा धागाही तेथवर जातो. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आणलेल्या रोपांबरोबर फिलोक्सेरा हा मुळांवरचा बारीक किडा दक्षिण फ्रान्समध्ये आला आणि पुढच्या तीसेक वर्षांत त्याने देशभरच्या बागा उद्ध्वस्त केल्या. १८६८ मध्ये माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ जूल-एमिल प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किडा ओळखला. उपाय अखेर अमेरिकेतच सापडला : तेथील रानवेलींची मुळे या किड्याला दाद देत नाहीत, म्हणून त्यांच्या खुंटावर फ्रेंच जातींची कलमे बांधण्यात आली. डॉगरिजही मूळचा अमेरिकी रानवेलच. आपण तो क्षारपड जमीन आणि पाण्याच्या टंचाईसाठी घेतला. तेथील जुन्या वेलीच्या बुडाशी वाकून पाहिले तर कलमाच्या जोडाची गाठ ओळखायला आपल्याला वेळ लागणार नाही.

काऑरकडे काढणी बहुतांशी यंत्राने होते. हाताने चाललेली काढणी बघायची असेल तर शांपान्य प्रांतात जावे, तेथे यंत्राला मनाई आहे. पण तो प्रांत उत्तरेला आहे आणि तेथे घळई नाही.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे मित्र बामणोलीहून लाँचने वासोट्याला जातो तेव्हा वनखात्याची परवानगी लागते. फ्रान्समध्ये परवानगी कोणाची घ्यावी? वाटाड्या लागतो का? आग्नेय फ्रान्समधल्या व्हेर्दों नदीच्या घळईतली अवघड वाट आमच्या आवाक्यात आहे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, कराड

उत्तर : सर्वसाधारण वाटांना परवानगी, शुल्क किंवा वाटाड्याची सक्ती नाही. दूर पल्ल्याच्या वाटांचे काम पाहणारी समिती १९४७ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी ओर्लेआँजवळ ल्वार नदीकाठचा पहिला टप्पा खुला झाला. त्या समितीचाच आज राष्ट्रीय पदभ्रमण महासंघ झाला आहे. त्याच्या स्वयंसेवकांनी देशभरात जवळपास दोन लाख किलोमीटर वाटा झाडांवर, दगडांवर, विजेच्या खांबांवर रंगाचे पट्टे मारून आखल्या आहेत. पांढऱ्याखाली लाल पट्टा म्हणजे दूर पल्ल्याची जीआर वाट, पिवळ्याखाली लाल म्हणजे एखाद्या प्रदेशाला फेरी घालणारी वाट आणि नुसता पिवळा म्हणजे दिवसाभराची गावफेरी. पट्ट्यांची फुली दिसली तर आपण चुकीच्या फाट्याला लागलो आहोत. पंधरा मिनिटांत एकही खूण दिसली नाही, तर मागे फिरून शेवटच्या खुणेपर्यंत यावे.

यातल्या पुष्कळ वाटा म्हणजे गावांच्या जुन्या पाणंदी आहेत. १९८३ च्या एका कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याने चालण्याच्या वाटांची नोंदवही ठेवायची असते आणि नोंद झालेली पाणंद ग्रामपालिकेने विकायची ठरवल्यास तिच्या जोडीला पर्यायी वाट द्यावी लागते. आपल्याकडे बुजलेली पाणंद मोकळी करून घेण्यासाठी तहसीलदाराकडे खेटे घालणाऱ्यांना या तरतुदीचे मोल कळेल.

व्हेर्दोंची वाट वासोटा करणाऱ्या तरुणांच्या आवाक्यात आहे, मात्र ती हलक्यात घेऊ नये. घळई काही ठिकाणी सातशे मीटर खोल आहे. १९०५ मध्ये एदुआर-आल्फ्रेद मार्तेल या गुहासंशोधकाने, इझिदोर ब्लां या स्थानिक शिक्षकाला बरोबर घेऊन, ती पहिल्यांदा तळातून पार केली आणि पुढे १९२० च्या दशकाअखेरीस आखलेल्या वाटेला दोघांची नावे मिळाली. ला मालीन येथील आश्रयगृहापासून ‘प्वँ स्युब्लीम’ या सज्ज्यापर्यंत ती सुमारे १५ किलोमीटर आहे आणि सहा-सात तास घेते. मध्ये कड्याच्या खाचेत बसवलेल्या लोखंडी शिड्यांच्या अडीचशे पायऱ्या आहेत; शेवटच्या भागात बोगदे आहेत, त्यांतला एक सहाशे मीटरांहून लांब आणि पूर्ण अंधारा. प्रत्येकाकडे विजेरी हवी, भ्रमणध्वनीच्या उजेडावर भागवू नये. वाट एकेरी असल्याने गाडी शेवटाला ठेवून सुरुवातीला भाड्याच्या गाडीने जाण्याची पद्धत आहे.

सर्वांत मोठा धोका पाण्याचा आहे. वरच्या बाजूला वीजनिर्मितीची धरणे आहेत आणि आकाश निरभ्र असतानाही पाणी सोडले जाते. कोयनेखालच्या गावांतल्या माणसाला हे सांगावे लागू नये. तळात नदीच्या पात्रात उतरून गोट्यांवर जेवायला बसण्याचा मोह टाळावा. जुलै-ऑगस्टमध्ये उष्माही असह्य होतो आणि वणव्याच्या भीतीने दक्षिणेतली काही जंगले त्या दिवसांपुरती बंद करतात. सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा जंगलात भडक नारिंगी रंगाचे काहीतरी अंगावर असावे. गवतातून चालल्यावर रात्री अंगावरच्या गोचिडी तपासाव्यात. संकटात ११२ हा क्रमांक फिरवावा.

प्रश्न : आमचे जैन कुटुंब आहे. अंडेही चालत नाही आणि दारूचा तर प्रश्नच नाही. अशा वाटेवर आमचे जेवणाचे हाल होतील का?
— व्यापारी कुटुंब, सांगली

उत्तर : रेस्टॉरंटच्या भरवशावर राहिलात तर नक्की होतील. काऑरच्या परिसरात बदकाच्या चरबीत स्वयंपाक करण्याची परंपरा आहे, बटाटेही त्यातच परततात, त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. भाजीच्या सूपाला बहुधा हाडांचे पाणी असते आणि अनेक चीजमध्ये दूध साकळवण्यासाठी प्राण्यांच्या जठरातून काढलेले रेनेट असते.

त्यावर उपाय मुक्कामाच्या जागेचा आहे. पदयात्रींसाठी गावोगावी ‘जीत द एताप’ नावाची साधी निवासस्थाने असतात. त्यांतल्या ‘जेस्त्याँ लिब्र’ प्रकारात स्वयंपाकघर वापरू देतात. भांडी, शेगडी, फ्रिज सर्व असते. तेथेच उतरावे. ल पुई भागातले हिरवे मसूर, तांदूळ, टोमॅटो, दही, अक्रोड आणि ताजा ब्रेड कोणत्याही मोठ्या गावात मिळतो. लहान गावांतली दुकाने दुपारी दोन-तीन तास, रविवारी दुपारनंतर आणि पुष्कळदा सोमवारीही बंद असतात, म्हणून शनिवारीच दोन दिवसांचा शिधा घ्यावा. घरमालकच जेवण देणार असेल तर आरक्षणाच्या वेळी ‘मांस, मासे, अंडी, चरबी नको’ असे फ्रेंचमध्ये लिहून पाठवावे. आयत्या वेळी सांगणे तेथे असभ्य मानतात.

घरून मेतकूट, चटणी, भडंग जरूर न्यावे. दुधाचे पदार्थ मात्र युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला आणता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि साताऱ्याचे कंदी पेढे विमानतळावरच सोडून द्यावे लागतील. ताज्या द्राक्षांची पेटीही नेऊ नये.

दारूविषयी संकोच नको. बागायतदाराच्या तळघराला भेट देताना चव घेण्याची सक्ती नसते आणि अनेक ठिकाणी द्राक्षाचा ताजा रस मिळतो. काही विकत घेणार नसाल, तर मोफत चवींच्या रांगेत उभे राहून त्याचा वेळ घेऊ नये, इतकाच शिष्टाचार.

प्रश्न : व्हिसा आणि खर्चाविषयी थोडक्यात सांगावे.
— विटा, इस्लामपूर आणि फलटण येथील वाचक

उत्तर : शेंगेन व्हिसा लागतो, त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि पुण्यातल्या केंद्रात तो देता येतो. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे. किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा सक्तीचा आहे. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांनी तेथील नगरपालिकेतून निवासाचे प्रमाणपत्र घेऊन पाठवावे लागते. जीतमध्ये रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरून माणशी साधारण ४५ ते ६० युरो पडतात. स्वतः रांधल्यास बरेच कमी.

प्रश्न : आर्देश नदीच्या घळईत होड्यांचीच छायाचित्रे दिसतात. तेथे पायी जाता येते का?
— एक वाचक, वाई

उत्तर : जाता येते, आणि होड्यांच्या गर्दीपेक्षा पायीच बरे. व्हालों-पों-दार्क ते सँ-मार्तँ या गावांमधली ही घळई सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. तोंडाशीच नदीने कडा आरपार कोरून केलेली पन्नास मीटरांहून उंच नैसर्गिक कमान आहे. जवळच्या शोव्हे गुहेतली, सुमारे ३६,००० वर्षांपूर्वीची चित्रे १९९४ मध्ये सापडली. मूळ गुहा लोकांना बंद आहे, २०१५ पासून तिची हुबेहूब प्रतिकृती पाहता येते. तळातून जाणारी वाट दोन दिवसांची आहे आणि ती सँ-मार्तँच्या बाजूला बाहेर पडली की ऱ्होन खोऱ्यातल्या द्राक्षबागा सुरू होतात.

ही घळई १९८० पासून राखीव निसर्गक्षेत्र आहे, त्यामुळे येथे नियम कडक आहेत. रात्रीचा मुक्काम फक्त गो आणि गुर्निए या दोन तळांवर, तोही आधी आरक्षण करून करता येतो. अन्यत्र तंबू लावल्यास दंड होतो. वाट मध्येच नदी ओलांडते आणि तेथे पूल नाही, पाण्यातून चालत जावे लागते. पाणी कमी असेल तरच हे शक्य असते, म्हणून आदल्या दिवशी पातळी विचारून घ्यावी. शरद ऋतूत भूमध्य समुद्रावरची दमट हवा सेव्हेनच्या डोंगरांना अडून अतिवृष्टी होते आणि काही तासांत नदी कित्येक मीटर चढते. हवामानखात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल, तर मुक्कामाच्या तळाचे आरक्षण हाती असले तरी खाली उतरू नये. कड्याच्या माथ्यावरून जाणाऱ्या मोटाररस्त्याला ठिकठिकाणी सज्जे आहेत, त्यांवरून घळई पाहत सँ-मार्तँला जाता येते.